बटन बिट घासायचं ग्राइंडर, आठ महिने वापरल्यानंतर

बोअरवेलच्या धंद्यात आहे मी, संगमनेर-सिन्नर पट्ट्यात आमची एक गाडी फिरते, साडेसहा इंची बोअर मारतो. गेल्या दिवाळीनंतर हे हातात धरून चालवायचं, हवेवरचं बटन ग्राइंडर घेतलं, त्याबद्दल लिहितोय. आत्ता पावसामुळे गाडी उभी आहे, काळ्या रानात चाक घालता येत नाही, म्हणून वेळ आहे. ओळखीतले गाडीवाले फोन करून विचारतात दादा घेऊ का नको, प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर टाकतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण या प्रकारचं मशीन बरेच जण विकतात आणि आतलं काम सगळ्यांचं सारखंच आहे, मी लिहितोय ते कुठलंही घेतलं तरी लागू पडेल.

ज्यांना या लाइनचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉडच्या खाली हॅमर असतो, त्याच्या तोंडाला बिट. बिटाच्या डोक्यावर टंगस्टन कार्बाइडची बटनं दाबून बसवलेली असतात, आमच्या बिटाला 15 आहेत, कडेला 8 आणि मध्ये 7. हवेच्या दाबाने आतला पिस्टन बिटावर ठोके देत राहतो, आणि गाडी वरून रॉड हळूहळू फिरवते, म्हणजे प्रत्येक ठोक्याला बटन जरा पुढे सरकून नव्या जागी बसतं आणि खडकाची खपली काढतं. सगळा खेळ त्या बटनाच्या गोल डोक्याचा आहे. डोकं गोल असेल तर ठोका एका ठिपक्यावर बसतो आणि खडक फुटतो. तेच डोकं घासून चपटं झालं की बोथट पहारीने कातळ फोडल्यासारखं होतं, जोर तेवढाच लागतो पण खपली निघत नाही, ठोक्याची ताकद उलटी हॅमरमध्ये परत येते, बटन तापतं, आणि तापलं की अजून लवकर झिजतं. म्हणजे झीज झीजेला वाढवते. डिझेल मात्र तेवढंच जळतं.

नियम असा आहे की चपटा भाग बटनाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की बिट बाहेर काढून घासायचं. आमची कडेची बटनं 16 मिलीमीटरची, म्हणजे साधारण 5 मिलीमीटर चपटं झालं की थांबायचं. आता साइटवर रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात कोण कॅलिपर लावणार, म्हणून मी 5 मिलीमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचा बोटाएवढा तुकडा कापून घेतला, त्याला भोक पाडून टूलबॉक्सच्या चावीला अडकवला. पट्टीची कड बटनाच्या चपट्या भागावर ठेवायची, चपटं पट्टीच्या बाहेर दिसलं की बिट घासायला, नाही दिसलं की परत खाली. आमचा ऑपरेटर तमिळनाडूचा, तिरुचेंगोडकडचा, वीस वर्षं याच कामात, तो आधी म्हणाला शेट अजून एक बोअर होतो याच्यात. हे "अजून एक बोअर" जे आहे ना, त्यानेच आमच्या धंद्यात बिटं मरतात. आता तोच माणूस पट्टी लावून मला फोटो पाठवतो.

आपल्याकडे अजून एक भानगड आहे जी मला फार उशिरा कळली. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टचा, आपला काळा पाषाण. तो कठीण आहे पण त्यात गारगोटी जवळपास नाही, त्यामुळे तो बटन कानशीसारखं खात नाही. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाकडे ग्रॅनाइटसारख्या खडकात बटन डोळ्यादेखत चपटं होतं, तिथे कळतं तरी. आपल्याकडे बटन गोल राहतं, चकचकीत दिसतं, माणूस म्हणतो बिट झकास आहे, आणि अचानक तुकडा उडतो. उन्हात नेऊन जवळून बघितलं तर बटनावर बारीक बारीक रेषांचं जाळं दिसतं, सापाच्या कातीसारखं. ते ठोक्यांनी थकलेलं कार्बाइड असतं. तो वरचा पापुद्रा वेळेवर घासून काढला तर खालचं कार्बाइड चांगलं असतं, नाही काढला तर त्याच रेषा आत जातात आणि बटन फुटतं. म्हणून पाषाणात चपटं दिसत नसलं तरी ठराविक फुटांनंतर हलका हात मारायचाच, आम्ही दर तीन बोअरनंतर मारतो.

आता मशीन का घेतलं ते सांगतो. आधी मी बिटं बाहेर घासायला द्यायचो. एका ठिकाणी माझ्यासमोर नाही पण मागाहून कळलं की ते साध्या हँड ग्राइंडरला डायमंडची चकती लावून कोरडंच घासतात, पाणी नाही काही नाही. वरून बिट सुंदर दिसत होतं. सिन्नरच्या पुढे एका शेतकऱ्याच्या रानात 180 फुटांवर दोन बटनं गेली. बिट बदललं, नवीन लावलं, तर नवीन बिट त्या तळाशी पडलेल्या कार्बाइडच्या तुकड्यांवर नाचायला लागलं, हॅमरचा आवाजच बदलला, आणि अर्ध्या तासात नव्या बिटाचीही मधली बटनं फुटली. दोन बिटं गेली आणि बोअर सोडून दहा फुटांवर दुसरा मारावा लागला, तो माझ्या खर्चाने. त्या शेतकऱ्याने पाहुण्यांकडून उसने पैसे आणले होते, घरातली म्हातारी माणसं बांधावर बसून होती, मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. कार्बाइड कोरडं घासलं की तापून तडकतं, ही गोष्ट तेव्हा डोक्यात पक्की बसली. त्याच आठवड्यात चौकशी सुरू केली.

मशीन दिसायला मोठ्या ड्रिलसारखं आहे, दोन्ही हातांनी धरायचं, एक नळी हवेची, एक पाण्याची. पुढे डायमंडचा कप बसतो. कप म्हणजे आतून बटनाच्या आकाराची वाटी, ती बटनावर टोपीसारखी बसवायची आणि ट्रिगर दाबायचा, वाटी फिरते आणि बटनाला परत गोल आकार येतो. कपाच्या मधून पाणी येत राहतं. बिट आम्ही ट्रकच्या जुन्या रिंगमध्ये उभं करतो, आजूबाजूला लाकडाच्या पाचरी ठोकतो, हललं नाही पाहिजे. एका बटनाला पाऊण ते एक मिनिट, पंधरा बटनं धरून, जागा बदलून, पाण्याने धुऊन बघून, सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटांत एक बिट होतं. पहिल्या दिवशी दीड तास लागला होता. हात स्थिर ठेवायची सवय लागते, सरळ दाबलं तर बटन एका बाजूने खातं, जरा गोल गोल डोलवत धरायचं.

पहिल्यांदा घासलेलं बटन ओल्या बोटाने चाचपून बघितलं ना, नव्या बिटासारखं गुळगुळीत लागलं. खरंच बरं वाटलं.

पण काही गोष्टी विकणारा सांगत नाही त्या मी सांगतो. एक म्हणजे प्रेशर. आपल्या गाडीचा कॉम्प्रेसर 300 पीएसआयच्या पुढचा, आणि या ग्राइंडरला लागतं 90 ते 100. मधे रेग्युलेटर लावल्याशिवाय नळी जोडायची नाही, मशीन तर जाईलच पण नळी सुटली तर माणसाला लागेल. रेग्युलेटर बॉक्समध्ये आला नाही, वेगळा घ्यावा लागला, तो आणि हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर दोन्ही धरून हिशोब करा. दुसरं, कप. मशीन एकदाच घ्यायचं असतं पण कप संपत राहतात, आणि खरा खर्च तिथेच आहे. कपाच्या आतला डायमंडचा थर झिजला की वाटीचा आकारच बिघडतो, मग तो बटनालाही तोच बिघडलेला आकार देतो, तेव्हा कप जीर्ण झाला की टाकून द्यायचा, ताणायचा नाही. आणि कप बटनाच्या मापाचाच पाहिजे. 14 च्या बटनाला 14 चा, 16 ला 16 चा, गोल डोक्याला गोल, टोकदार डोक्याला टोकदार. आमच्या पोराने घाईत 14 चा कप 16 च्या बटनावर चालवला, बटनाला मधे शेंडी आल्यासारखं झालं, ते पहिल्याच बोअरला उडालं.

तिसरं, पाणी. बोअरचं क्षाराचं पाणी वापरलं तर कपाच्या मधलं बारीक भोक बुजतं आणि पाणी बंद झालेलं आवाजात कळत नाही, म्हणून नजर पाण्यावर ठेवायची. पाणी फक्त थंड करायला नाही. कार्बाइडमध्ये कोबाल्ट असतं, त्याची कोरडी धूळ फुप्फुसाला फार वाईट. ओलं घासलं की राखाडी चिखल होतो, तो खाली पडतो, नाकात जात नाही. तरी मास्क आणि चष्मा घालतोच आम्ही, आमचा हेल्पर एकोणीस वर्षांचा आहे, त्याचं वय आहे अजून.

अजून एक, बटनाची उंची जपायची. चपट्या भागाचा मधे छोटा ठिपका राहिला तरी चालतो, आकार आला की थांबायचं, उगीच चकचकीत करायच्या नादात कार्बाइड उडवायचं नाही, तेच तर आपलं भांडवल आहे.

मशीनने सगळं होत नाही हेही सांगतो. गाडी नीट चालवली नाही तर रोज घासूनसुद्धा बिट मरणार. रॉड फार जोरात फिरवला की कडेची बटनं घासून जातात, फार हळू फिरवला की बटन परत परत त्याच खड्ड्यात आपटतं. आम्ही पाषाणात मिनिटाला 20 फेऱ्यांच्या आसपास ठेवतो आणि बाहेर येणाऱ्या चुरीकडे बघतो, गव्हाच्या दाण्याएवढ्या खपल्या आल्या की ठीक, नुसतं पीठ यायला लागलं की समजायचं काहीतरी बिघडलंय. वरून दाब कमी पडला की हॅमर खाली रिकामा नाचतो आणि बटनं सैल होतात. हवा कमी पडली की चुरी तळाशीच दळली जाते आणि बटनाभोवतीचं स्टील खाऊन टाकते, मग अख्खं बटनच निखळतं. गेरूचा लाल थर लागला की तर विचारू नका, चिखलाने बिटाची भोकं बुजतात, तिथे घाई न करता रॉड वरखाली करून साफ करत जायचं. हॅमरचं तेल बंद पडलं तर बिटाच्या आधी हॅमर जाईल.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, बिट घासत गेलं की त्याचा व्यासही थोडा थोडा कमी होतो. लहान झालेल्या बिटाने 150 फूट मारून मग नवं कोरं बिट त्याच बोअरमध्ये सोडलं तर ते अडकणार म्हणजे अडकणारच, आणि रॉडसकट हॅमर गेला तर वर्षाची कमाई गेली. आम्ही बिटांवर ऑइलपेंटने नंबर टाकलेत, 1 नंबर सगळ्यात मोठं, बोअर कायम मोठ्याने सुरू करायचा आणि खाली जाताना लहान लावायचं. घासून झालं की कडेचा व्यास मोजून नंबर बदलायचा. ही शिस्त ग्राइंडर घेतल्यावरच लागली कारण आता बिटं जास्त दिवस टिकतात आणि वेगवेगळ्या मापांची साठतात.

फरक किती पडला, तर माझ्या वहीप्रमाणे आधी एका बिटात 10-12 बोअर व्हायचे, आता 16-17 होतात, एक बिट तर 19 वर गेलं. हे आमच्या पट्ट्यातल्या पाषाणातलं आहे, मांजऱ्या, म्हणजे पाषाणापेक्षा मऊ खडक, जास्त असेल तर अजून जास्त बोअर होतील. फुटामागे वेळही कमी लागतो, ऑपरेटर म्हणतो शेवटच्या 50 फुटांना जो कंटाळा यायचा तो आता येत नाही.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. वर्षात दोन-तीन महिनेच गाडी चालत असेल तर पैसे अडकतील, त्यापेक्षा पाणी मारून घासणारा माणूस शोधा आणि पहिल्यांदा स्वतः उभं राहून बघा. खाणीवर जॅकहॅमरचे छिन्नी टोकाचे रॉड असतात त्यांना हे चालत नाही, त्यांना चाकावरच धार लावतात. माझा चुलतभाऊ हायवेच्या मिलिंग मशीनवर आहे, डांबर खरवडायचं, त्याने विचारलं आमच्या टूलांना चालेल का. नाही चालणार, त्यांची टूलं घासत नाहीत, ती होल्डरमध्ये सैल बसवलेली असतात आणि काम करताना स्वतःभोवती फिरतात, म्हणून सगळीकडून सारखी झिजतात. डांबराने जाम होऊन एखादं फिरायचं थांबलं की एकाच बाजूने झिजून पेन्सिल तिरकी तासल्यासारखं होतं आणि मग होल्डरलाही खातं. तो रोज सकाळी ड्रम धुऊन, मशीन बंद असताना, एकेक टूल हाताने फिरवून बघतो, पाण्याचे नोझल साफ करतो, खालची वॉशर पातळ झाली की बदलतो. त्यांचं औषध ते, आपलं हे.

मशीनबद्दल तक्रार म्हणाल तर माहितीपुस्तक फक्त इंग्रजीत आहे, ज्याच्या हातात मशीन असतं त्याला ते वाचता येत नाही. मी बसून मराठीत आणि हिंदीत एका पानावर लिहून लॅमिनेट करून दिलं, कुणाला पाहिजे असेल तर पाठवतो. आणि सलग तीन बिटं केली की हाताला मुंग्या येतात, जाड हातमोजे घाला आणि मधे माणूस बदला.

सध्या गाडी ताडपत्रीखाली आहे. सातही बिटं घासून, शँकला म्हणजे बिटाच्या हॅमरमध्ये बसणाऱ्या दांड्याला ग्रीस लावून, नंबर नव्याने टाकून फळीवर ठेवलीत. 14 चे दोन कप मागवलेत, ते आले की जुन्या गाडीवाल्या मित्राची चार बिटं करून द्यायचीत, त्याला दसऱ्यानंतर निफाडकडे काम आहे.