कधी सुरू होणारी, कधी न होणारी गाडी: ओबीडी अ‍ॅडॅप्टर घ्यावा की मल्टिमीटर?

किल्ली फिरवल्यावर कधी लगेच सुरू होणारी आणि कधी नुसता ‘टक्’ आवाज करून थांबणारी गाडी गॅरेजमध्ये नेली की बहुधा पहिल्याच सेल्फला सुरू होते, आणि त्यामुळे अशा दोषाचा माग घेण्याचे काम शेवटी मालकाकडेच येते. या कामासाठी सर्वसामान्य मालक दोन साधनांचा विचार करतो. एक म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड वाचणारा, मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा ओबीडी अ‍ॅडॅप्टर आणि दुसरे म्हणजे व्होल्टेज वगैरे मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर. दोन्ही मी वापरली आहेत, दोन्ही आजही घरात आहेत आणि दोन्ही थोडक्या पैशांत मिळतात, म्हणून किमतीचा मुद्दा येथे बाजूला ठेवतो.

निवडीपूर्वी एक गोष्ट मात्र नक्की करून घ्यावी. सेल्फ फिरतच नाही, की सेल्फ व्यवस्थित फिरतो पण इंजिन पकडत नाही? ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि कोणते साधन उपयोगी पडेल हे पुष्कळसे यावरच ठरते.

सेल्फ फिरत असून इंजिन पकडत नसेल, तर ओबीडी अ‍ॅडॅप्टरचे पारडे जड आहे हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. इंजिनचे फिरणे टिपणारा क्रँकशाफ्ट सेन्सर तापल्यावर बंद पडणे आणि गाडी थोडा वेळ उभी राहून थंड झाली की पुन्हा चालू होणे, हा या प्रकारातला नेहमीचा दोष आहे. अशा वेळी सेल्फ मारताना मोबाइलवर इंजिनचे फेरे शून्यच दिसत राहिले, तर संशय थेट त्या सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर जातो, आणि त्याच सेन्सरच्या सर्किटमधला दोष दाखवणारा पी ०३३५ हा कोड नोंदला गेला असेल तर शोधाची दिशा आणखी स्पष्ट होते. काही कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही साठवली जाते, म्हणजे दोष उद्भवला त्या क्षणी इंजिनचे तापमान किती होते, फेरे किती होते, याची नोंद राहते. अधूनमधून येणाऱ्या दोषासाठी ही सोय मोलाची आहे.

आमच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचे दुखणे मात्र पहिल्या प्रकारचे होते. सेल्फ फिरत नसे, ‘टक्’ आवाज होई आणि डॅशबोर्डवरचे दिवे जवळजवळ विझत. दिवे विझतात म्हणजे बॅटरी गेली असे कोणीही म्हणेल, आणि एका सर्व्हिस सेंटरने तसा सल्ला दिलाही. मी अ‍ॅडॅप्टर लावून पाहिला, आणि त्याच्या ज्या एका त्रासाने माझा निर्णय झाला तो येथेच समोर आला. अ‍ॅडॅप्टर ज्यात खोचतात त्या गाडीतल्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून त्याला वीज मिळते ती गाडीच्याच बॅटरीची. सेल्फ मारताना दोषामुळे व्होल्टेज कोसळले की अ‍ॅडॅप्टर स्वतःच बंद पडे आणि मोबाइलशी असलेला त्याचा संपर्क तुटे. पुन्हा जोडणी होईपर्यंत गाडी बहुधा सुरू होण्याच्या स्थितीत आलेली असे, आणि पडद्यावर उत्तर येई की एकही दोष नोंदलेला नाही. ज्या क्षणासाठी साधन लावले, नेमक्या त्याच क्षणी ते मुके होत असेल, तर त्याच्या बाकीच्या गुणांचे काय करायचे? सगळेच अ‍ॅडॅप्टर असे वागत असतील असे मी म्हणत नाही, चांगल्या प्रतीचे तग धरतही असतील. पण माझ्या गाडीसारख्या अनेक जुन्या गाड्यांत सेल्फची वायर किल्लीच्या स्विचमधून, फार तर एका रिलेतून, परस्पर सोलेनॉइडकडे, म्हणजे सेल्फ मोटरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचकडे, जाते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्या वाटेवर नसतोच, त्यामुळे कोड उमटण्याची शक्यताही मुळात कमीच असते.

मल्टिमीटरला स्वतःची बॅटरी असते, आणि गाडीची वीज कोसळली तरी तो ती किती कोसळली हे सांगत राहतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ व्होल्टला ती जवळपास अर्धी उतरलेली असते, आणि सेल्फ मारताना साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये असे मानले जाते. आमच्याकडे किल्ली फिरवून ‘टक्’ झाले तेव्हा बॅटरीच्या खुंट्यांवरचा आकडा बाराच्या वरच राहिला. बॅटरी खरोखर दुबळी असती तर हाच आकडा धाडकन खाली आला असता. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली. हा आकडा सेल्फ मारताना ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असायला हवा, तो पाचाच्या वर गेला. ऋण केबल बॉडीला आणि पुढे इंजिनला जेथे जोडली होती, तेथे बोल्टखाली गंज धरला होता.

हा दोष नुसत्या डोळ्यांना किंवा मीटरच्या ‘बीप’ तपासणीत सापडत नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सेल्फ मोटर शंभर-दोनशे अँपिअर खेचते. सांध्यात ०.०१ ओहमचा रोध असला तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो, आणि एवढा सूक्ष्म रोध स्वस्त मीटर ओळखू शकत नाही, तो खुशाल बीप वाजवतो. दिवे आणि हॉर्न थोड्या विजेवर नीट चालतात, म्हणून सांधा निर्दोष भासतो. गाडीच्या हादऱ्याने किंवा दमट हवेने धातूचा स्पर्श किंचित बदलला की दोष येतो आणि जातो. म्हणून तपासणी सेल्फ मारतानाच करावी लागते, आणि त्यासाठी किल्ली फिरवायला दुसरे माणूस लागते, ही या साधनाची अडचण खरी. तपासणीपूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा आणि तारा पंखा व बेल्टपासून दूर ठेवाव्यात.

बटणाने सुरू होणाऱ्या, इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) व स्मार्ट किल्ली असलेल्या नव्या गाड्यांत सेल्फचा हुकूमही ईसीयूकडूनच सुटतो. तेथे मी कदाचित आधी कोड वाचेन, कारण बॅटरीचे टर्मिनल काढले की अनेक गाड्यांत ते पुसले जातात. मात्र स्वस्त अ‍ॅडॅप्टर बहुधा इंजिनपुरतेच कोड वाचतात, इमोबिलायझरपर्यंत ते पोहोचतीलच असे नाही. साधारण दहा वर्षांपेक्षा जुनी, किल्लीने सुरू होणारी गाडी असेल आणि एकच साधन घ्यायचे असेल, तर माझ्या मते मल्टिमीटर आधी घ्यावा.

घेताना शक्यतो किमान-कमाल आकडा धरून ठेवणारा घ्यावा, कारण पिवळे स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच मोजतात आणि क्षणभराची घट त्यांच्या नजरेतून सुटू शकते. सोबत क्रोकोडाइल क्लिप असलेल्या लांब तारा घ्याव्यात. लाल तार १० अँपिअरच्या छिद्रात राहिलेली नाही हे प्रत्येक वेळी पाहावे, कारण तशीच ती बॅटरीला लावली तर शॉर्ट सर्किट होते, आणि बऱ्याच स्वस्त मीटरांत त्या छिद्राला फ्यूज नसतो.