नसलेल्या मोलचं मोल

बिल हातानं लिहिलेलं होतं, साध्या पॅडच्या कागदावर. तपासणी ५०० रुपये. सोलर सोनिक खुंट्या ४ नग, प्रत्येकी १,४५०, म्हणजे ५,८००. एरंडेलाचे दाणे २ किलो, १,२००. गॅस ट्रीटमेंट ३,५००. एक वर्षाची गॅरंटी १,५००. एकूण १२,५०० रुपये. जीएसटी क्रमांक नाही, परवाना क्रमांक नाही, पत्ता म्हणून नुसतं ‘सोलापूर’. आणि वरती कामाचं नाव: ‘मोल कंट्रोल’.

जुळे सोलापुरातल्या एका घराच्या परसात हे काम झालं. दीड महिन्यानं पाहिलं तर बिळं तेवढीच, आणि कंपाऊंडच्या कडेची शहाबादी फरशी आणखी दोन ठिकाणी खचलेली. घरच्यांचं नाव इथे द्यायचं कारण नाही, काम करणाऱ्याचंही नाही. तो उद्या दुसऱ्या नावाचं पॅड छापेल. बिलातली एकेक ओळ मात्र तपासून पाहण्यासारखी आहे.

सुरुवात नावापासूनच करू. मोल हा प्राणी सोलापुरात नाही. सोलापुरात काय, महाराष्ट्रातच नाही. भारतात तो आहे तो हिमालयाच्या पूर्व भागात आणि ईशान्येकडच्या राज्यांत. युरोप-अमेरिकेतल्या हिरवळी उकरणारा मोल इंटरनेटवर सगळीकडे दिसतो, आणि त्याच्यासाठी बनवलेली यंत्रं इथे ऑनलाइन मिळतात. यंत्राच्या खोक्यावर ‘तीळ दूर करणारे उपकरण’ असं मराठी दिसलं तर हसून सोडू नका. इंग्रजीत अंगावरच्या तिळालाही ‘मोल’च म्हणतात. माल कुठल्या मुलखासाठी आहे हे त्या भाषांतरानंच सांगितलं.

आपल्याकडे अंगण उकरते ती घूस. घूस म्हटलं की घरातलं कुणीही सांगतं, बाजारातून मोठा पिंजरा आणा. मग साडेबारा हजार कोण देईल? म्हणून प्राण्याचं नाव बदलायचं. नाव ओळखीचं नसलं की दरही कशाशी ताडून बघता येत नाही. ‘काकू, हे घुशीचं काम नाही, हा मोल आहे, पिंजऱ्यात येत नाही,’ या एका वाक्यावर पुढचं सगळं बिल उभं आहे.

हे वाक्य खोटं पाडायला पाच मिनिटं लागतात. मोल गांडुळं आणि किडे खातो, मुळं-कंद खात नाही. रताळं, अळूचा कंद, भुईमुगाच्या शेंगा कुरतडलेल्या असतील आणि कंदावर पटाशीच्या दातांचे जोडीनं ओढलेले ओरखडे असतील, तर तो उंदराच्या जातीचा प्राणी. बिळाजवळ दीड-दोन सेंटीमीटरच्या लेंड्या सापडल्या तर घूसच. गोंधळ होतो तो मातीच्या ढिगामुळे. मोल ढीग वर ढकलतो आणि भोक दिसत नाही, हे फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण लहान जातीची घूसही बिळाचं तोंड आतून मऊ मातीनं बुजवून घेते. ढीग हातानं बाजूला सारा, खाली मूठ जाईल एवढं भोक निघतं.

दुसरी लबाडी याहून हुशार आहे. पिंजऱ्यात चिचुंद्री सापडते, ती दाखवून ‘हे बघा मोलचं पिल्लू’ म्हणतात. लांब सोंडेसारखं तोंड आणि बारीक डोळे यांमुळे माणूस फसतो. तिचे पुढचे पाय बघा. मोलचे पंजे फावड्यासारखे रुंद, बाहेरच्या बाजूला वळलेले असतात आणि कान बाहेरून दिसतच नाहीत. चिचुंद्रीचे पाय साधे, बारीक, कान स्पष्ट, शेपटीवर विरळ लांब केस, आणि तो तिचा उग्र वास. ती झुरळं आणि किडे खाते, कंदांना तोंड लावत नाही. तिला सोडून द्यायचं.

आता ५०० रुपयांची तपासणी. हे लोक बहुधा उन्हाळ्यातच फिरतात, आणि त्याला कारण आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तपासायला आलेला माणूस एक लोखंडी सळई त्या भेगेत सोडतो, ती दोन फूट सरळ आत जाते, आणि तो गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, ‘खाली सगळा बोगदा आहे.’ भेगेची वाट वेडीवाकडी असते, कडा धारदार असतात, तोंडाशी उकरलेली माती नसते आणि दोन वेळा पाणी दिलं की ती मिटू लागते. बीळ गोल असतं, येण्याजाण्यानं कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात आणि ताजी, भुसभुशीत माती बाहेर पडलेली असते. सळई कुठल्याही भेगेत जाईल. ती आत गेली म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

याच वेळी काही जण टँकर मागवून बिळात पाणी सोडायचंही सुचवतात. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात हा सल्ला द्यायला धाडस लागतं. घूस दुसऱ्या तोंडानं बाहेर पडते. काळी माती मात्र फुगते, नंतर आक्रसते, आणि कंपाऊंडच्या पायाला तडा जातो.

सोलर खुंट्या. उघडून पाहिली तर आत काय निघतं? वर छोटं सोलर पॅनेल, एक १.२ व्होल्टचा रिचार्जेबल सेल, एक बझर किंवा छोटी मोटर, आणि खाली नळी. साधारण ३० सेकंदांनी ती गुरगुरते. खोक्यावर ‘अल्ट्रासोनिक’ आणि त्याच खोक्यावर बारीक अक्षरात ‘४०० ते १,००० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं. अल्ट्रासोनिक म्हणजे २०,००० हर्ट्झच्या वरचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज. तुम्हाला गुरगुर ऐकू येत असेल तर ते अल्ट्रासोनिक नाही. आणि खरंच तेवढ्या वरचा आवाज असता तर तो मातीत विरून गेला असता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्ये ६० हून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की अल्ट्रासोनिक यंत्रांच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. तरी माल विकला जातोच.

गुरगुरीनं घूस दोन-तीन दिवस बिचकते, मग सवय होते. आपल्या मातीत तर तेवढंही होत नाही: उन्हाळ्यात माती आक्रसून नळीभोवती पोकळी पडते आणि कंप जमिनीत उतरतच नाही. वरून ४२-४३ अंशांच्या उन्हात सेल लवकर दम सोडतो आणि पहिल्या पावसात झाकणाच्या फटीतून पाणी शिरतं. बसवणाऱ्यानं आधी खड्डा न करता खुंटी हातोडीनं ठोकली असेल तर झाकण तिथेच तडकलेलं असतं. बदलून मागितली की ‘तुम्ही ठोकलीत’ हे उत्तर तयार. बसवताना व्हिडिओ काढून ठेवावा तो एवढ्यासाठी.

एरंडेलाचे दाणे, म्हणजे एरंडाच्या बिया नव्हेत, एरंडेल तेल लावलेले दाणे, ही मोलसाठीचीच परदेशी चीज आहे. घुशीवर त्यांचा भरवसा धरू नये.

गॅस ट्रीटमेंटची ओळ मात्र नुसत्या फसवणुकीची नाही, जिवाशी खेळ आहे. बिळात टाकल्या जातात त्या बहुधा अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. जमिनीतल्या ओलाव्याशी संबंध आला की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. भारतात हे औषध सर्रास विकायला बंदी आहे. ते सरकारी यंत्रणा आणि मान्यताप्राप्त पेस्ट कंट्रोल करणाऱ्यांनीच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचं. अमेरिकेत माणसं-जनावरं राहतात अशा इमारतीपासून १०० फुटांच्या आत बिळात ते टाकायला मनाई आहे, आणि घरांच्या आवारात तर ते मुळीच वापरता येत नाही. १०० फूट म्हणजे किती, हे आपल्या प्लॉटवर उभं राहून मोजा. शेजारच्याचा प्लॉट ओलांडून तिसऱ्याच्या दारात पोचाल.

त्यात काळी माती. बिळाचं तोंड चिखलानं लिंपलं तरी वायू भेगांतून सरकतो आणि पायाच्या फटीतून, ड्रेनेजच्या चेंबरमधून, बाथरूमच्या जाळीतून घरात येतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास नाही म्हणजे धोका नाही असं समजू नये. मळमळ, डोकेदुखी, छाती दाबल्यासारखी होणं, खोकला: घरात दोघांना एकाच वेळी असं झालं तर दारं-खिडक्या उघडत बसू नका, सगळे बाहेर पडा, थेट दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. यावर उतारा नाही. जेवढ्या लवकर उपचार सुरू होतील तेवढं बरं. ‘धूर आहे साहेब, मिरचीचा’ असं कुणी म्हणालं तर डबा बघायला मागा. लेबल नसलेल्या डब्यातली करडी गोळी दिसली की काम तिथेच थांबवा. पैसे बुडाले तरी चालतील.

परवान्याचं विचारायला लाजू नये. पैसे घेऊन पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे परवाना लागतो. खरा माणूस फोनवर प्रत पाठवतो. खोटा म्हणतो, ‘ऑफिसला आहे.’

राहिली गॅरंटी. ती खरी वाटते, कारण घूस स्वतःच बीळ बदलते. शिवारातली ज्वारी निघाली की कडेच्या वसाहतींत घुशी सरकतात, कारण उन्हाळ्यात ओली, मऊ माती आणि खरकटं तिथेच असतं. पाऊस लागला की जुनी बिळं भरतात, त्या जागा बदलतात. मधले दोन-तीन आठवडे शांत जातात, आणि नेमक्या त्याच काळात ‘गुण आला ना?’ असा फोन येऊन उरलेले पैसे मागितले जातात. पुढचं बीळ निघालं की ‘ही दुसरी जात आहे, गॅरंटीत बसत नाही.’

मग खरं काम कसं करायचं? संध्याकाळी अंगणातली सगळी भोकं मातीनं बुजवा आणि प्रत्येकाजवळ काडी रोवा. सकाळी जी उघडलेली असतील तीच चालू बिळं. दहा भोकांतून दोन-तीनच चालू निघतात. 

पिंजरा दीड फूट लांबीचा, जाड तारेचा घ्या. उंदराच्या छोट्या पिंजऱ्यात घूस तोंड घालते आणि मागे सरते. भिंतीला लगटून, बिळाच्या वाटेवर ठेवा. पहिल्या तीन रात्री दार तारेनं बांधून उघडंच ठेवायचं आणि आमिष खाऊ द्यायचं. लोक पहिल्याच रात्री सापळा लावतात, घूस बिचकते आणि पिंजरा वाईट ठरतो. आमिषाला आपल्याकडे काही कमी नाही: कडक भाकरीचा तुकडा, वर तेलात कालवलेलं शेंगदाण्याचं कूट. लसणाची तिखट चटणी नको. चौथ्या रात्री दार मोकळं करा. सापडलेली घूस उघड्या हातानं हाताळायची नाही, तिच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. रबरी हातमोजे घाला, पिंजरा नंतर ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवा. ती विजापूर रोडच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन सोडणं म्हणजे आपलं दुखणं तिथल्या शेजाऱ्याला देणं.

पिंजऱ्यानं भागलं नाही तर ब्रोमॅडिओलोन या उंदीर मारायच्या विषाच्या ०.००५ टक्के वड्या. पाकिटावर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत पाहून घ्या. चालू बिळात एक वडी काठीनं हातभर आत सरकवा, तोंड बुजवा, आठवड्यानं पुन्हा काडी लावून तपासा. वडी उघड्यावर ठेवायची नाही. कुत्रं-मांजर थेट खाईल, किंवा विष खाल्लेली घूस घुबड उचलेल. मरायला काही दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वड्या टाकू नका. झिंक फॉस्फाईडची काळी पूड घरात आणूच नये. त्यावरही उतारा नाही, आणि कमी खाऊन वाचलेली घूस पुन्हा त्या आमिषाकडे फिरकत नाही.

बिळं रिकामी झाल्यावर जाळी. अर्ध्या इंचाची, गॅल्वनाइज्ड, कंपाऊंडच्या आतून दोन फूट खोल गाडायची आणि खालचं टोक बाहेरच्या बाजूला वीतभर वळवायचं. वळवलं नाही तर घूस जाळीच्या खालून निघते. चेंबरची झाकणं सिमेंटनं बसवा, पाइपाच्या तोंडाला जाळी लावा. चिमण्यांना टाकलेले दाणे संध्याकाळी उचला. मागच्या बाजूला धामण दिसली तर काठी आणू नका. ती घुशीच्याच मागावर असते.

पैसे आधीच गेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथेच, म्हणजे सोलापुरातच, तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. मुदत दोन वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. विनापरवाना गॅस टाकला असेल तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात वेगळा अर्ज द्या. सोबत बिलाचा फोटो, यूपीआयची पावती, बिळांचे आधीचे-नंतरचे फोटो, गोळ्यांच्या डब्याचा फोटो. आणि त्या चार खुंट्या रागानं भंगारात टाकू नका. सेल काढून, खोक्यासकट कोरड्या जागी ठेवा. बारीक अक्षरातलं ते ‘४०० ते १,००० हर्ट्झ’ आयोगापुढे दाखवावं लागेल.