एका पिक्सेलात एक गुंठा: गूगल अर्थ इंजिन, शिरोळच्या पुरावर तपासून

सेंटिनेल-२ उपग्रहाचा सर्वांत बारीक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा. आपला गुंठा साधारण १०१ चौरस मीटर. एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा, एकर म्हणजे ४० पिक्सेल. अर्थ इंजिन म्हणजे उपग्रहचित्रांवर गूगलच्याच सर्व्हरवर गणित करायची ऑनलाइन सोय. तिच्याकडून काय मागावं आणि काय मागू नये, हे या हिशेबातच बरंचसं ठरतं. अर्ध्या एकराच्या लांबट पट्टीत जेमतेम २० पिक्सेल बसतात आणि त्यातले बरेचसे बांधावरचे, शेजारच्या शेताची भेसळ झालेले. त्यावर उपाय म्हणजे गटाची हद्द १० मीटर आत ओढून सरासरी काढणं. पण पट्टी २० मीटरपेक्षा अरुंद असेल तर मोजायला काहीच उरत नाही. एकट्या शेतकऱ्याला 'तुमच्या पट्टीचा एनडीव्हीआय' (पिकाच्या हिरवेपणाचा निर्देशांक) विकणाऱ्यांकडे याच कारणाने संशयाने पाहावं.

तालुका किंवा नदीखोरं हाती घेतलं की मात्र याला तोड नाही. सगळी चित्रं आणि सगळं गणित सर्व्हरवर असल्याने साधा लॅपटॉप आणि बेताचं इंटरनेट पुरतं. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेचा अनेक दशकांचा साठा, सेंटिनेलची रडार आणि प्रकाशीय चित्रं एकाच कोड एडिटरमधून वापरता येतात. जावास्क्रिप्ट थोडीफार यायला हवी. पायथनचाही पर्याय आहे.

ऑगस्ट २०१९ चा कृष्णा-पंचगंगेचा पूर ही चांगली कसोटी. नवखा माणूस सेंटिनेल-२ घेतो, ढगांचं प्रमाण २० टक्क्यांपेक्षा कमी अशी चाळणी लावतो, आणि त्याला 'बँड जुळला नाही, उपलब्ध बँड: काहीच नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. बँडचं (प्रकाशाच्या एकेका रंगपट्ट्याच्या थराचं) नाव बरोबरच असतं. चाळणीतून एकही चित्र उतरलेलं नसतं, म्हणून संच रिकामा. ही टक्केवारी सुमारे ११० किलोमीटर लांबी-रुंदीच्या अख्ख्या चौकटीची असते, आपल्या तालुक्याची नव्हे. म्हणून इतर ऋतूंत ती सैल ठेवून ढगांचे पिक्सेल एकेक करून झाकणं बरं. भर पावसाळ्यात त्यानेही भागत नाही. तिथे ढगाआडूनही पाहणारं सेंटिनेल-१ रडारच हवं.

शिरोळ तालुक्यासाठी रीत अशी. सेंटिनेल-१ मधून व्हीएच ध्रुवण (उभी पाठवलेली आणि आडवी टिपलेली लहर) घ्या, उपग्रहाच्या जाण्याची एकच दिशा आणि एकच कक्षा क्रमांक ठरवा. वेगवेगळ्या कोनांतली चित्रं एकत्र केली तर कोनाचाच फरक पूर म्हणून दिसतो. एक उपग्रह त्याच कक्षेवर १२ दिवसांनी परततो, म्हणून ५ ते १६ ऑगस्ट असा १२ दिवसांचा गाळा ठेवा. आधीचं चित्र मे महिन्याचं घेतलं तर रोपणीसाठी पाणी साठवलेली भातखाचरंही पुरात मोजली जातात. जुलैच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांचं बरं. दोन्हींवर ५० मीटर त्रिज्येचा मीडियन (आसपासच्या आकड्यांतला मधला आकडा घेणारा) फिल्टर फिरवून रडारचे ठिपके कमी करा. पाणी रडारला काळं दिसतं, म्हणून ज्यांचा परतलेला संकेत आधीपेक्षा ३ डेसिबल (म्हणजे निम्म्यावर) किंवा अधिक घसरला ते पिक्सेल पूरग्रस्त धरा. ३ ही फक्त सुरुवात आहे, हिस्टोग्राम (आकड्यांच्या वाटपाचा आलेख) पाहून आकडा हलवावा लागतो. बारमाही पाणी वगळायला जेआरसी या युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा जागतिक पाण्याचा नकाशा तिथेच मिळतो. हीच रीत राधानगरीच्या अंगाने डोंगरात नेलीत तर कड्यांची सावली पाण्यासारखी काळी दिसते, म्हणून ५ अंशांवरचा उतारही झाका.

एवढं करूनही शिरोळचा आकडा कमीच येण्याची शक्यता असते, आणि त्याला कारण ऊस. या रडारची तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. उंच, दाट उसाच्या पाल्यातून ती खालच्या पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. उलट कधी कधी पाणी आणि खोडं यांच्यावर दोनदा आपटून संकेत वाढतोच. उसाच्या फडातलं पाणी या नकाशात नाही म्हणून ते नव्हतंच, असा निष्कर्ष पंचनाम्यात कुणी लिहू नये. शिवाय उपग्रह त्या दिवशी काही क्षणच वरून जातो. पाण्याचा कळस दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन गेला असेल तर तो निसटला.

आता आमची मुख्य तक्रार. 'मेमरीची मर्यादा ओलांडली' हा संदेश त्रासदायक, पण प्रामाणिक आहे. टाइलस्केल (काम बारीक तुकड्यांत वाटणारी सेटिंग) ४ किंवा ८ केलं किंवा काम एक्स्पोर्टला (मागे सावकाश चालणाऱ्या कामांत) टाकलं की बहुतेकदा सुटतं. घातक आहे ते न सांगता चुकणं. अनेक चित्रांचं मीडियन काढलं की त्या एकत्रित चित्राचा मूळ पिक्सेल विसरला जातो आणि त्याची जागा एक अंशाचा पिक्सेल घेतो, म्हणजे सुमारे १११ किलोमीटरचा! क्षेत्रफळ काढताना 'स्केल' (पिक्सेल किती मीटरचा धरायचा ते) १० लिहायचं राहिलं तरी आकडा येतो, दिसायलाही ठीकठाक असतो, आणि पूर्ण चुकीचा असतो. नकाशा लहान-मोठा करताना पुराचे डागही आकार बदलतात, कारण त्या झूमच्या जाड पिक्सेलवर गणित होत असतं. पडद्यावर पाहून क्षेत्र ठरवू नका.

ड्रोनचे फोटो इथे जोडून मिळत नाहीत. ते ओपनड्रोनमॅपसारख्या साधनात जोडून जिओटिफ (जमिनीवरची जागा नोंदलेलं चित्र) करून चढवावे लागतात. पिकांचं वर्गीकरण केलेला नकाशा चढवताना पिरॅमिडची (दूरून पाहण्यासाठी बनणाऱ्या जाड प्रतींची) पद्धत 'मीन' (सरासरी) वरून 'मोड' (सर्वाधिक आढळणारा वर्ग) करा. नाहीतर दूरून पाहताना वर्ग २ आणि वर्ग ४ ची सरासरी होऊन वर्ग ३ उगवतो, आणि सोयाबीन व उसाच्या मध्ये भलतंच पीक दिसतं.

अभ्यास आणि संशोधनासाठी हे फुकट आहे, पण क्लाउड प्रोजेक्ट नोंदवून अव्यावसायिक असल्याचं सांगावं लागतं. साखर कारखान्याची ऊसनोंद किंवा पीकविमा कंपनीचं काम असेल तर पैसे भरायचे. नुसतं चित्र पाहायचं, दोन तारखा शेजारी ठेवायच्या, एवढंच असेल तर कोपर्निकस ब्राउझर (सेंटिनेलची चित्रं दाखवणारं संकेतस्थळ) घ्या; तिथे एकही ओळ लिहावी लागत नाही.