चर्चमध्ये कीबोर्ड-गिटार: शेजारी अँप ठेवायचा की थेट मिक्सरला जोडायचं?

हे वाद्यावर ठरतं त्याहून जास्त इमारतीवर ठरतं.

पुण्याच्या कॅम्पातल्या 1825 च्या सेंट मेरीजसारखी जुनी, उंच छताची वास्तू असेल, तर अँप नकोच. पुढच्या दोन बाकांवर तो कानात बसतो आणि मागे नुसता घुमारा पोचतो. मिक्सरवर गिटारचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेतला तरी अँप वाजतच राहतो. शिवाय पेटी, तबला, ढोलकीसमोरचे माइक उघडे असतात, त्यांत तो शिरतो. मग पेटी वाढवायला जावं तर गिटारच वाढते.

थेट मिक्सरला जोडायचं तर मध्ये डीआय बॉक्स लागतो. ही छोटी डबी वाद्याचा सिग्नल बॅलन्स्ड, म्हणजे वाटेत गुणगुण न पकडणारा, करून देते, त्यामुळे मिक्सरपर्यंत 20-30 मीटर केबल ओढता येते. गिटारची साधी वायर 6 मीटरच्या पुढे गेली की धार बोथट होते आणि गुणगुण वाढते. कीबोर्डला पॅसिव्ह (विजेशिवाय चालणारा) डीआय पुरतो. गिटारला प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) नसलेला पिझो पिकअप (तारांची कंपनं पकडणारा सेन्सर) असेल तर अॅक्टिव्हच घ्या, इनपुट इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) किमान 1 मेगाओहम. पॅसिव्हवर तीच गिटार नाकात गायल्यासारखी वाजते. अॅक्टिव्हला बॅटरी किंवा मिक्सरचं 48 व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधून येणारी वीज) लागतं. फँटम चालू-बंद करण्याआधी चॅनल म्यूट करा, नाहीतर ऐन प्रार्थनेत धाडकन आवाज येतो.

डीआयची खरी अडचण वेगळीच: वादकाला स्वतःचं काही ऐकू येत नाही. म्हणून मॉनिटरचा, म्हणजे वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, खर्च त्यातच धरा. मॉनिटरचा ऑक्स (मिक्सरमधून त्याला जाणारी वेगळी लाइन) प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधी घेतलेला, ठेवा. पोस्ट-फेडर असला तर हॉलचा आवाज कमी करताच वादकाचाही जातो आणि तो खुणा करत बसतो. कार्डिऑइड (पुढचं जास्त, मागचं कमी पकडणाऱ्या) माइकची पाठ मॉनिटरकडे असली की शिट्टी बरीच आटोक्यात राहते.

अँप जिंकतो तो 40-50 माणसांच्या, कमी उंचीच्या हॉलमध्ये. डिस्टॉर्शनवाल्या इलेक्ट्रिक गिटारलाही तोच बरा, कारण कॅबिनेट सिम्युलेशनशिवाय (अँपच्या स्पीकरसारखा आवाज घडवणाऱ्या सोयीशिवाय) ती थेट मिक्सरला दिली की माशी घोंगावल्यासारखी वाजते. फक्त अँप जमिनीवर सरळ ठेवू नका. तो वादकाच्या गुडघ्यांवर वाजतो, त्याला ऐकू येत नाही आणि तो नॉब फिरवतच जातो. तिरका करून कानाकडे वळवा.

लाइन आउट (मिक्सरला सिग्नल देणारं सॉकेट) असलेला कीबोर्ड अँप हा मधला मार्ग: सिग्नल मिक्सरला, अँप फक्त वादकापुरता. गुणगुण आली तर डीआयचं ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या केबलचं ग्राउंड तोडणारं बटण) दाबा. अँप आणि मिक्सर विजेच्या एकाच बोर्डावरून चालवा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कोणी सुचवलं तरी तोडू नका, शॉक बसेल.

सगळं एकदम घेणं परवडत नसेल, तर आधी गिटारसाठी अॅक्टिव्ह डीआय आणि एक मॉनिटर घ्या. कीबोर्ड तोवर जुन्या अँपवर चालेल.