एकाच केऱ्हाळ्याला दोन नंबर: केळी नोंदणीचं ॲप हंगामभर वापरल्यावर

केळीच्या मालाच्या नोंदी फोनवरून ठेवायच्या या ॲपची रावेर-यावल भागातल्या केळी ग्रुपवाल्यांना ओळख करून द्यायला नको. मला बोलायचंय ते त्यातल्या नंबरांबद्दल.

गाव, वाण, व्यापारी, काहीही पहिल्यांदा टाकलं की ॲप त्याला एक नंबर देतं. पुढे तोच नंबर साठवतं, तोच पाठवतं. सुरुवातीला मला हे मुळीच पटलं नव्हतं. एक्सेलमध्ये नोंदी उतरवल्या तर गावाच्या रकान्यात ४१, वाणाच्या रकान्यात ३. आपलाच हिशेब आपल्याला वाचता येईना. मग तापीकाठच्या मळ्यांतून, जिथे रेंज जेमतेम एक काडी, तिथूनही नोंदी सटासट जायला लागल्या आणि मत बदललं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे फोन-संगणकात अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. ‘मुक्ताईनगर’ लिहायला ३० बाइट, नंबराला फक्त २. आणि त्या दोन बाइटांत ६५,५३६ वेगळी नावं मावतात. नुसतं झिप करून, म्हणजे मजकूर दाबून लहान करून, पाठवलं तरी चालेल, असं भाचा म्हणाला होता. पण नोंद एकेक करून जाते. एवढ्याशा मजकुरात झिपला दाबायला फारसं काही सापडतच नाही.

व्यापाऱ्याचं नाव एका जागी सुधारलं की जुन्या सगळ्या नोंदींत सुधारतं, हे तर फारच आवडलं.

आता केऱ्हाळे गावाचं. एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबात, निम्माच माल दिसला, आणि शोधलं तर यादीत केऱ्हाळे दोनदा, दोन वेगळ्या नंबरांनी. एका फोनचा कीबोर्ड सरळ ‘ऱ’ टाकतो, दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. आत मात्र एक २४ बाइटांचा, दुसरा २७ चा, म्हणून नंबरही दोन. सर्व्हिसवाले म्हणतात, “भाऊ, नाव नीट टाइप करा.” अहो, जे डोळ्यांना दिसतच नाही ते नीट कसं टाइप करायचं? यूनिकोड, म्हणजे अक्षरांच्या जागतिक संकेतांचं, एनएफसी नावाचं ठरावीक एकसारखं रूप केलं तरी हे जोडचिन्ह जात नाही. नंबर देण्याआधी दोन्ही रूपं एक करायचा नियम ॲपवाल्यांनीच लिहायला हवा. मराठीत ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ पदोपदी येतात, हे मराठी ॲप विकणाऱ्याला ठाऊक नसावं?

खूप भांडल्यावर अपडेट आलं. नवी नावं आता फुटत नाहीत. जुन्या दोन नंबरांवर त्यांचा सल्ला असा, की एक पुसून टाका. ते मी करणार नाही. पुसलेला नंबर उद्या दुसऱ्या गावाला मिळाला, तर केऱ्हाळ्याचा जुना माल त्या गावाच्या नावावर जाईल. एकदा दिलेला नंबर कायमचा राखून ठेवायचा आणि केऱ्हाळ्याच्या दुसऱ्या नंबराचं बोट पहिल्या नंबराकडे वळवायचं, एवढंच काम आहे.

वर्षाचे पैसे भरलेले आहेत, तेव्हा ॲप सोडणार नाही. सध्या तीन तारे. दोन्ही केऱ्हाळे जोडून दिले की चौथा.