अक्कलदाढ काढली, कॉलेज रोडच्या दवाखान्यात : चार स्टार

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर आहे. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे पडद्यावर लावला तेव्हा डॉक्टर मॅडमनी फार सांगायची गरज पडली नाही. खालची डावी अक्कलदाढ आडवी, पुढच्या दाढेला डोकं लावून बसलेली. तिच्या मुळांना खेटून ओठाची नस. "ओठ काही आठवडे बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही. आधीच सांगते," म्हणाल्या. त्याआधी सिडकोत एकाने 'पाच मिनिटांचं काम' म्हणून सांगितलं होतं. तिथून मी परत आलो, बरंच झालं.

दाढ ओढून काढत नाहीत. भूल दिली, हिरडी उघडली, वरचं थोडं हाड कोरलं आणि दाढेचे दोन तुकडे करून एकेक बाहेर. आमच्याकडे जॉबमध्ये, म्हणजे मशीनवरच्या तुकड्यात, टॅप (आटे पाडायचं हत्यार) तुटला की आम्ही हेच करतो. ड्रिलवर पाणीही सोडत होत्या, कूलंटसारखं. दुखलं अजिबात नाही, पण जबड्यात कडकड ऐकू येते आणि दाब बसतो. पाऊण तास गेला. तीन टाके, सातव्या दिवशी काढले.

एक स्टार कापला तो कागदासाठी. तोंडात कापूस, गाल बधिर, अन् काउंटरवरून हातात इंग्रजी कागद. थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, पहिल्या दिवशी चूळ भरू नका, तंबाखू बंद. घरी तो वाचणार कोण? आई की मी? नाशिकात मराठी कागद छापायला काय लागतं?

तंबाखूचं मात्र मॅडमनी तोंडीही बजावलं होतं. तिसऱ्या रात्री पाळीवर मी चिमूटभर लावलीच. चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडं पडलं होतं, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. शनिवारी रात्री कागदावरचा फोन नुसता वाजत राहिला. रविवार काढला कसा ते मलाच माहीत. सोमवारी मॅडमनी खड्डा धुऊन लवंगेच्या वासाची पट्टी भरली, अर्ध्या तासात माणसात आलो. पैसे घेतले नाहीत. ओरडल्या मात्र भरपूर, आईसमोर.

ओठाला मुंग्या येत होत्या, महिन्याभरात गेल्या. मिसळ तेराव्या दिवशी खाल्ली, रस्सा कमी घालून.

उजवीकडची अजून बाकी आहे. तीही इथेच काढणार, पण सोमवारी. चौथा दिवस शुक्रवारी येतो, तेव्हा फोन उचलतात.