घरसफाईची मोबाईलवरची यादी : पावसाळा ते होळी

जूनच्या तोंडावर आम्ही घरातल्या साफसफाईची यादी मोबाईलवर घेतली, आता होळी आली. एवढे महिने वापरून ठामपणे सांगते, यादी फार उपयोगी पडते. फक्त ती वाराला बांधू नका, पाण्याला बांधा.

आम्ही बेळगावातल्या वडगावात राहतो. शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आहे, आमच्या गल्लीत मात्र नळ काही दिवसांआड येतो. तयार याद्यांत ‘सोमवार न्हाणीघर, मंगळवार फरशी’ असं ठरलेलं असतं. सोमवारी नळच आला नाही तर न्हाणी कशानं घासणार? मग मुदत संपल्याच्या खुणा साठत जातात आणि माणूस यादी उघडायचंच सोडतो.

म्हणून आम्ही गूगल कीप या टिपणांच्या अ‍ॅपमध्ये तीन वेगळ्या याद्या केल्या आणि घरातल्या सगळ्यांना जोडून घेतलं. ‘नळ आला की’ या यादीत न्हाणी, संडास, मोरी, अंगण, पायपुसणी. ‘बिनपाण्याची’ यादी जळमटं, पंखे, कपाटाचे कप्पे यांची. गल्लीत माग असल्यामुळे सुताची तूस पंख्यांवर आणि खिडकीच्या जाळ्यांवर सतत बसते, त्यामुळे ती कामं इथं इतरांपेक्षा लवकर फिरून येतात. तिसरी यादी ‘ऊन पडलं की’. गाद्या, गोधड्या, कपाटातले उबट वासाचे कपडे. आमच्याकडच्या पावसात ऊन कधी तासाभराचंच असतं, तेवढ्यात काय काय बाहेर काढायचं हे आठवत बसायला वेळ नसतो. या यादीनं यंदा रेशमी साड्या बुरशीपासून वाचवल्या, म्हणून माझ्या लेखी हीच सगळ्यांत मोलाची.

वाराला बांधलेलं काम एकच ठेवलंय, बॅरल आणि हंडे घासणं. पाणी साठवणाऱ्या घरात ते टाळून चालत नाही. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, वाळली तरी बरेच महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, कडा काथ्यानं खरवडाव्या लागतात. शुक्रवारी मोबाईल आठवण करतो, त्या दिवशी वापरायचं पाणी बॅरलमधूनच काढायचं. शनिवारी तळाशी उरलेल्या पाण्यात घासून बॅरल उन्हात पालथं.

लिहिण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘स्वयंपाकघर आवरणे’ असं लिहिलं की ते कुणीच करत नाही. ‘गॅसखालची फरशी पुसणे, दीर’ असं लिहिलं की रात्री जेवणानंतर होऊन जातं. पहिल्यांदा सगळी कामं एका खाली एक लिहिली तेव्हा सासूबाई बराच वेळ वाचत बसल्या. म्हणाल्या, “एवढं सगळं मी एकटी करत होते काय गं?” घरातल्या पुरुषांनी ते ऐकलं, आणि तेव्हापासून संडासाचं काम पाळीपाळीनं सगळ्यांकडं असतं. यादीनं दुसरं काही केलं नसतं तरी एवढ्यासाठी मी ती ठेवली असती.

आमच्या कामाच्या मावशी कन्नड वाचतात आणि त्यांना मोबाईलवरची यादी नको असते. माझी मुलगी शाळेत कन्नड शिकते. मावशींची कामं ती कागदावर कन्नडमध्ये लिहून मोरीजवळच्या भिंतीला लावते. त्यांच्या कागदावर आणि आमच्या यादीतही एक ओळ कायम सगळ्यांत वर असते : संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र वापरायची नाही. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो, आणि आमच्या न्हाणीला एकच लहान झरोका आहे.